मनी प्लांटची गोडी छाटणी

घर बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माझ्या हातात आखूड, जाड पात्यांची एक कात्री दिली आणि समोरच्या मनी प्लांटकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यातली एक फूट काप बघू."

मला वाटलं, म्हातारबुवांचं डोकं ठिकाणावर नाही. पण त्या आठवड्यात इंदिरानगरमध्ये मी इतकी घरं पाहिली होती की वेडा घरमालकही चालला असता. फोनवर खोली रिकामी असायची. दारात उभी राहून मी नाव सांगितलं की ती कालच गेलेली असायची. मी मालेगावची. अब्बा यंत्रमागावर काम करतात, आणि मला नाशिकच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली होती. महिनाअखेरीला हॉस्टेल सोडायचं होतं. तेव्हा काही न विचारता मी कात्री घेतली. कात्री जरा सरकली आणि जिथे कापायचं ठरवलं होतं त्याच्या थोडं वर कापलं गेलं.

त्यांनी तो तुकडा उचलून चष्म्यापाशी नेला. "डोळ्याच्या वर बोटभर ठेवून कापलंस," ते म्हणाले. "कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"मग तर बरंच हाय. खोली तुझी."

डोळा म्हणजे पानाच्या बुडाशी नवी फूट येते ती जागा, हे मला नंतर कळलं. आणि नाव त्यांनी तीन आठवड्यांनी विचारलं. तेही माझं पार्सल घेऊन आलेल्या कुरियरवाल्याला "असं कोणी इथं राहत नाय" म्हणून परत पाठवून झाल्यावर.

बिल्डिंगमधले सगळे त्यांना आप्पा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. आप्पा निफाडकडचे. सारा जन्म द्राक्षबागेत गेलेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलाने आप्पांची जुनी थॉमसनची बाग उपटून तिथे नव्या जातीची लावली, त्यावरून बापलेकांची जुंपली. एका बागेत दोघांचं चालत नाही असं म्हणून आप्पा एक ट्रंक, एक स्वेटर आणि ती कात्री, जिला ते सिकेटर म्हणत, एवढं घेऊन नाशिकच्या ह्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिले. इथे ना वावर ना मांडव. मग शेजारणीने वाढदिवसाला दिलेल्या मनी प्लांटवर त्यांनी आपली सगळी विद्या चालवायला घेतली.

म्हणजे किती, ते सांगते. हॉलच्या खिडकीजवळ स्टुलावर कुंडी. तिथून वेल कोपऱ्यातून वर चढायचा, टीव्हीच्या वरून तारेवर जायचा, स्वयंपाकघराच्या दारावरून फ्रिजच्या डोक्यावर, तिथून झरोक्यातून माझ्या खोलीत, माझ्या पलंगाला वळसा घालून पुन्हा हॉलमध्ये, आणि मुख्य दाराच्या दिशेने. चार वर्षांत एवढा प्रवास झाला होता. भिंतींना खिळे आणि गॅल्व्हनाइज्ड तार. द्राक्षाच्या मांडवाला असते तीच, त्याच जाडीची. मुख्य वेलाला ते ओलांडा म्हणायचे. बाजूने फुटलेल्या प्रत्येक फुटीला बगलफूट म्हणायचे आणि तिच्याकडे फार वाईट नजरेने बघायचे.

एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. नाशिकमध्ये द्राक्षं छाटतात त्याच दिवसांत, पंचांग बघितल्यासारखी. छाटणीच्या दिवशी ते डोक्याला पंचा बांधायचे, हॉलभर वर्तमानपत्रं अंथरायचे आणि स्टुलावर चढायचे. कापलेल्या प्रत्येक जागी, बुरशी लागू नये म्हणून, निळसर बोर्डो पेस्टचा ठिपका. भिंतीवर ते ठिपके अजून असतील. रंगवाल्याला त्यांनी हात लावू दिला नव्हता. मी एकदा विचारलं, गोडी छाटणी गोड घड यावेत म्हणून करतात ना, मग ह्याला काय येणार? त्यांनी स्टुलावरूनच माझ्याकडे पाहिलं. "तू परीक्षेत पहिली आलीस का?" मी म्हटलं, नाही. "मग अभ्यास कशाला केलास?"

माझ्या खोलीवरून वेल जात असल्यामुळे सकाळी सातला तिथे येण्याचा त्यांना हक्क होता, असं त्यांचं मत. भाड्याच्या अटी दोनच. कांदा तळताना दार लावायचं, कारण फोडणीची वाफ पानांवर बसते. आणि सात वाजता कडी काढायची. ते टॉर्च घेऊन यायचे, दारावर टकटक करून मोठ्याने "बागेत येतोय" असं जाहीर करायचे, आणि माझ्याकडे बिलकुल न बघता भिंतीच्या कडेकडेने पानं उलटी करून बघत निघून जायचे. ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचे. अम्मी पहिल्यांदा राहायला आली तेव्हा ती डोक्यावरून पदर ओढून पलंगावर ताठ बसली होती. आप्पा गेल्यावर ती मला म्हणाली, हे कोण, ह्यांना दिसतं ना? मी म्हटलं, फक्त पानं दिसतात.

माणसांकडेही ते वेल म्हणूनच बघायचे. सोसायटीचा सेक्रेटरी, जो गणपतीची वर्गणीपण बघायचा आणि तीन पतपेढ्यांवरही होता, त्याच्याबद्दल ते म्हणायचे, ह्याला बगलफुटी लय. अम्मीने माझ्यासाठी आलेल्या एका मुलाचा फोटो पाठवला. इंजिनियर होता, दिसायला बरा. मी तो आप्पांना दाखवला, का दाखवला माहीत नाही. त्यांनी मोबाइल लांब धरून बराच वेळ पाहिलं. "काडी पिकली नाय अजून," ते म्हणाले आणि फोन परत दिला. पुढच्या महिन्यात त्या मुलाने सांगून पाठवलं की तो आईला विचारल्याशिवाय उत्तर देऊ शकत नाही. त्याची आईच तर फोन करत होती.

जानेवारीत निफाडला कडाका पडला की बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवतात, धुराने ऊब राहते म्हणून. एका सकाळी मी खोकत उठले तर हॉलमध्ये धूर. आप्पांनी लोखंडी शेगडीत गोवऱ्या पेटवून वेलाखाली ठेवल्या होत्या आणि शेजारी स्वेटर घालून बसले होते. धूर जिन्यात गेला, वॉचमन पळत वर आला, त्याच्यामागे पायजम्यात सेक्रेटरी. आप्पांनी दोघांना पाट दिले. वेल उष्ण मुलखातला आहे, थंडीत पानं काळी पडतात, हे त्यांनी त्यांना इतक्या गंभीरपणे समजावलं की सेक्रेटरी शेगडीवर हात शेकत चहा पिऊन गेला. नोटीस मात्र त्याने दुपारी लावली, बिल्डिंगमध्ये गोवऱ्या जाळू नयेत अशी. आप्पा ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

मनी प्लांट चोरून आणलेला असला तरच लागतो, असं सगळ्या बायका मानतात. त्यामुळे आप्पांकडे मागायला कोणी यायचं नाही, चोरायला यायच्या. कुणी भगिनी दुपारी "सहज" टेकली की आप्पा ओळखायचे. ते आधीच चांगल्या डोळ्याची एक फूट कापून टीपॉयवर ठेवायचे आणि आत जायचे. परत येताना स्वयंपाकघरातूनच खोकायला सुरुवात करायचे, म्हणजे तिला पर्स बंद करायला वेळ मिळावा. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू निघताना चुकून "थँक्यू हं आप्पा" म्हणाल्या. आप्पांचा चेहरा पडला. त्या गेल्यावर ते म्हणाले, आता त्यांचा लागायचा नाही, उगाच एक फूट वाया गेली.

आता पैजेचं सांगते, कारण माझी खोली त्या पैजेत होती.

आप्पांचा मुलगा महिना-दीड महिन्याने यायचा. बाजरी, भाजी, मनुके घेऊन. मुलाला सगळे भाऊ म्हणायचे. माणूस गरीब, कमी बोलणारा, बापासमोर तर फारच कमी. दर वेळी निघताना ते "चला घरी" असं म्हणायचे, पण अशा आवाजात की जणू वीजबिल भरायला सांगतायत. लोक नावं ठेवतात, बरं दिसत नाही, एवढीच कारणं द्यायचे. आप्पा म्हणायचे, लोकांना सांग आप्पा मजेत हाय.

गुढीपाडव्याला त्यावरून पुन्हा वाजलं. ह्या वयात एकट्याने राहणं जमत नाही, असं भाऊ म्हणाले. आप्पांनी वर वेलाकडे बोट केलं आणि विचारलं की हे कोणाला जमलंय मग? वेल तेव्हा मुख्य दाराच्या अलीकडे येऊन ठेपला होता. कुंडीपर्यंत सहा हात अंतर राहिलं होतं. शेवटी असं ठरलं, आणि दोघांनी ते एकमेकांच्या हातावर टाळी देऊन ठरवलं, मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. दसऱ्यापर्यंत वेल सगळ्या घराला फेरी घालून आपल्या कुंडीला टेकला, तर आप्पा कायमचे नाशिकला राहणार, आणि बाग पूर्ण भाऊंची, आप्पांनी सल्ला म्हणूनसुद्धा तोंड उघडायचं नाही. नाही टेकला, तर आप्पांनी घरी यायचं. पण मग बागेत आप्पांचंच चालणार. कुठली जात, कधी छाटणी, किती फवारण्या, भाऊंनी नुसतं हो म्हणायचं.

"आणि हा फ्लॅट?" भाऊंनी विचारलं.

"मी नसलो तर विक," आप्पा म्हणाले.

माझा कोणी विचार केला नव्हता, आणि करावा असंही काही नव्हतं. पण ट्रे ठेवताना माझ्या लक्षात आलं की आता ह्या वेलाची सर्वात जास्त काळजी मला आहे. पुन्हा त्या दारांसमोर उभं राहून नाव सांगायची माझ्यात ताकद नव्हती.

आणि पाडव्यानंतर आठ दिवसांनी आप्पांनी वेलाचं पाणी तोडलं. छाटणीआधी बागेला ताण देतात, तहानेने वेल जागा होतो आणि मग जोराने फुटतो, असं त्यांचं म्हणणं. पंधरा दिवस थेंब नाही घालायचा. मी काकुळतीला येऊन सांगितलं की हे द्राक्ष नाही, कुंडीत आहे, उन्हाळा आहे. ते म्हणाले, तू रक्त तपास.

मग मी तेच केलं जे कोणीही केलं असतं. दुपारी मी जेवायला घरी यायचे तेव्हा ते झोपलेले असायचे, मी हळूच एक तांब्या पाणी घालायचे आणि कुंडीच्या कडा कोरड्या पुसायचे. रोज. आप्पा संध्याकाळी पानं बघून खूश व्हायचे. येणाऱ्यांना सांगायचे, बघा, ताण कसा मानवलाय, एक पान हललं नाही. मला हसू दाबावं लागायचं.

बाराव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली. तेराव्या दिवशी कुंडीपाशी खोड काळं आणि मऊ झालं, आणि हॉलमध्ये गटारासारखा वास यायला लागला. आप्पांनी मातीत बोट घातलं आणि चिखलाने माखलेलं ते बोट वर धरून माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"किती घालत होतीस?" त्यांनी विचारलं.

"एक तांब्या. दुपारी."

मग फडक्याला बोट पुसत, भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मीबी एक घालत होतो. पहाटे पाचला, तुझी कडी निघायच्या आत."

"आणि तो ताण?"

"मला नाय बघवत गं," आप्पा म्हणाले.

त्या दिवशी मी रजा टाकली. आम्ही कुंडी उपडी केली. आप्पांनी सडलेली मुळं सिकेटरने एकेक करून काढली, उरलेली धुतली, सावलीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवली. वेल तारेवर तसाच, आणि त्याची मुळं स्टुलावर उघडी, असं ते ध्यान दिवसभर होतं. अब्बांनी लहानपणी मला तुटलेला धागा सांधायची गाठ शिकवली होती. जिथे जिथे आधार सैल झाला होता तिथे मी त्या गाठीने सुतळी बांधली. आप्पांनी ती गाठ ओढून बघितली, सुटली नाही. त्यांनी मला ती तीन वेळा सोडून बांधायला लावली. संध्याकाळी वाळू मिसळलेल्या मातीत वेल पुन्हा लावला. दहा दिवसांनी त्यांनी कडेची माती बोटाने उकरली आणि मला हाक मारली. आत सुईसारखं पांढरं मूळ दिसत होतं. "पांढरी मुळी हाय," ते म्हणाले. "वाचला." मला एवढा आनंद माझा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

पावसाळ्यात वेल सुटला. दाराच्या चौकटीवर चढला. आणि तेव्हा एक विचित्र प्रकार सुरू झाला. ऐन भरात असताना त्याचा शेंडा नाहीसा व्हायचा. टोकाचं कोवळं, मिटलेलं पान कोणीतरी खुडलेलं असायचं. शेंडा गेला की वेल दोन-तीन आठवडे थबकतो, मग खालच्या डोळ्यातून नवी फूट निघते आणि पुन्हा पहिल्यापासून वाट धरते. एकदा अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला झालं होतं, तेव्हा मी त्या आजारपणावर ढकललं. आषाढात पुन्हा. माझा संशय खालच्या काकूंवर गेला, थँक्यूवाल्या. त्यांचा लागला नव्हता, म्हणून त्या सूड घेत असणार. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना कारण कळेना, शेवटी त्यांनी मला डबाभर उकडीचे मोदक दिले, तेव्हा मीच ओशाळले.

गणपतीत भाऊ आले. निघताना ते दारात चपला घालत होते, आप्पा आत मनुक्यांचा डबा रिकामा करत होते, आणि मी माझ्या खोलीत आरशासमोर वेणी घालत होते. आरशात दार दिसायचं. भाऊंनी आत एक नजर टाकली, डावा हात वर केला, चौकटीवरचा शेंडा नखाने खुडला आणि शर्टाच्या खिशात टाकला. मग मोठ्याने "येतो आप्पा" म्हणाले.

मी संतापले. पैज लावायची आणि वर लबाडी करायची. पण आप्पांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बापलेकात असं भांडण पेटलं असतं की भाऊंनी त्यांना त्याच गाडीत घालून नेलं असतं, आणि मग माझी खोली कुठली. मी गुपचूप कामाला लागले. नवी फूट आली की तिला रोज सकाळी दोरीवर पुढे वळवायची, दिवा तिच्या बाजूला फिरवायचा, पाणी मोजून घालायचं. आप्पांना सगळं दिसत होतं, पण ते काही म्हणत नव्हते. कधी कधी मी स्टुलावर असताना खालून स्टूल धरायचे.

दसऱ्याच्या सकाळी सातला "बागेत येतोय" झालं नाही. मी बाहेर आले. वेल रात्रीतून कुंडीच्या काठावर आला होता. शेंडा मातीला टेकला होता. ज्या मातीतून निघाला तिथेच, सगळं घर फिरून. मी आनंदाने आप्पांना हाक मारणार, तेवढ्यात पाहिलं की ते कुंडीपाशीच बसले आहेत. त्यांनी शेंडा तर्जनीवर घेतला, बघितला, आणि अंगठ्याच्या नखाने हातभर मागून खुडला.

"आप्पा, हे काय केलंत?"

"शेंडा मारला."

"आपण जिंकलो होतो."

"व्हय, जिंकलो होतो," ते म्हणाले.

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. भाऊंनी तीनदा खुडला, मी शेवटचा डोळ्यांनी पाहिला, ते लबाडी करतायत, आणि आता तुम्हीही. माझा आवाज चढला होता. आप्पा शांतपणे ऐकत होते.

"तीनदा त्यानं, मला ठावं हाय," ते म्हणाले. "डावखुरा हाय तो, नख तिरकं लागतं. शेंडा मारायला मीच शिकवला त्याला. वळखू नये का मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर थांबला असता."

मला कळेना. आप्पांनी गुडघ्यावर हात टेकून मला समजेल असं सांगितलं. "वेल पुरा झाला असता तर बाग त्याची होती. मी इथं, तो तिथं, कोणाची कटकट नाय. नाय झाला तर मी त्याच्या उरावर. हे ठावं असून तो खुडतोय. एकदा नाय, तीनदा." त्यांनी खुडलेला शेंडा तळहातावर घेतला. "त्याला मी घरी पायजे गं. बाग घालवून पायजे. तोंडानं म्हणता येत नाय त्याला. मला तरी कुठं येतं."

त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मला त्यांच्यासाठी बरं वाटायला हवं होतं, वाटलंही. पण त्याच्या आधी मला माझी खोली दिसली, आणि मी ते बोलून दाखवलं. मी विचारलं, "आणि मी?"

"तू चहा टाक," आप्पा म्हणाले. "तो येईल इतक्यात."

भाऊ आपट्याची पानं घेऊन आले. बापाच्या पाया पडले, मलाही पान दिलं. मग सगळ्यांचीच नजर वर गेली. भाऊ तारेखालून चालत गेले, टीव्हीवरून, स्वयंपाकघराच्या दारावरून, माझ्या खोलीतून, दारावरून, कुंडीपर्यंत. तिथे हातभर मोकळी जागा होती. त्यांनी वेलाचं टोक हातात धरलं. खुडलेल्या जागी अजून पाण्याचा थेंब होता. ते त्या थेंबाकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"हरलो मी," आप्पा म्हणाले. "येतो घरी. पण आता बागेत माझंच चालणार ना?"

"ठरलंय ना आप्पा."

"मग पहिली गोष्ट ऐक. ही बी माझी बाग हाय. हिला माणूस लागतं. फ्लॅट विकायचा नाय, पोरगी इथं राहील, तिला राहायचं तवर. एप्रिल-ऑक्टोबरला मी छाटणीला येणार, तू आणून सोडायचं."

"हो," भाऊ म्हणाले.

"दुसरी गोष्ट, ती नवी जात."

"ते गाडीत सांगा आप्पा."

ट्रंक मी आणि भाऊंनी मिळून खाली नेली. आप्पा वर कड्या तपासत होते. ट्रंक डिकीत ठेवल्यावर भाऊ थांबले, त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "ताई, आजचा तो शेंडा कोणी खुडला?"

म्हाताऱ्याची इभ्रत राखायची म्हणून मी तोंडावर काही न दिसू देता सांगितलं, "मी."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. लॅबमध्ये हातमोजे फाटू नयेत म्हणून आम्हाला नखं अगदी मुळापर्यंत कापावी लागतात. भाऊंनी ती पाहिली, मान हलवली, आणि डिकीचं झाकण दोनदा आपटलं तरी ते लागलं नाही, कारण त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. शेवटी ते मीच लावलं.